सर्वात बलाढ्य खलनायक कोण?

सुपरहिरो कॉमिक्सचे दोन-चार चाहते एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो. सर्वात बलाढ्य खलनायक कोण? कुणी म्हणतो गॅलॅक्टस, कारण तो ग्रहच्या ग्रह गिळतो. कुणी म्हणतो थॅनॉस, कारण त्याने एका चुटकीसरशी अर्धे विश्व नाहीसे केले. कुणी डार्कसाइडचे नाव पुढे करतो, तर कुणी डॉक्टर डूमचे. मग कोणत्या अंकात कोणी कोणाला हरविले, कोणाचा ठोसा किती जोराचा, कोणत्या लेखकाने कोणाला विनाकारण दुबळे करून टाकले, याचे पुरावे काढले जातात. आवाज चढतात, चहा थंड होतो. घरातील वडीलधारी मंडळी हे ऐकून कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, पोरांना दुसरे उद्योग नाहीत!

आम्हाला तसे वाटत नाही. दुष्टाची ताकद कशात असते, हा पोरकट प्रश्न नव्हे. ज्या समाजाने हजारो वर्षे अन्याय सोसला, त्या समाजाला तर हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. आज आपली मुले मराठी पाठ्यपुस्तकाइतकीच या अमेरिकी कथांवर वाढत आहेत. सिनेमा पाहतात, भाषांतरित अंक वाचतात, मोबाईलवर चित्रे पाहतात. अन्याय म्हणजे काय, अन्यायी कोण आणि त्याचा पराभव कसा होतो, याची एक कल्पना या कथा त्यांच्या मनात पेरीत आहेत. म्हणून या वादात आपणही उतरले पाहिजे. मात्र मोजपट्टी आपली असली पाहिजे.

प्रथम गॅलॅक्टस घेऊ. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने १९६६ साली ‘फॅन्टास्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत त्याला आणले. तो भूक लागली म्हणून ग्रह खातो. त्याला माणसाचा ना राग, ना लोभ. महापूर यावा तसा तो येतो. ताकद म्हणाल तर अफाट, पण महापुराला कोणी दुष्ट म्हणत नाही. त्याच्यापासून जीव वाचवायचा असतो, त्याच्याकडे न्याय मागायचा नसतो. म्हणूनच गॅलॅक्टसची भीती वाटते, चीड येत नाही. चीड येण्यासाठी समोर माणूस लागतो आणि त्या माणसाने आपल्या कृत्याला दिलेले कारण लागते.

थॅनॉसकडे असे कारण आहे, आणि गंमत अशी की ते बदललेले आहे. जिम स्टार्लिन यांनी १९७३ साली निर्माण केलेला हा खलनायक १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ या कथेत अर्धे विश्व मारतो ते मृत्यू नावाच्या स्त्रीचे मन जिंकण्यासाठी. २०१८ च्या सिनेमात मात्र तो लोकसंख्येचे कारण देतो. खाणारी तोंडे फार झाली, साधने थोडी आहेत, म्हणून निम्मे मेले तर उरलेले सुखाने जगतील, असा त्याचा हिशेब! सिनेमा आल्यावर काही चाहते ‘थॅनॉसचे बरोबरच होते’ असे म्हणू लागले. काहींनी ते थट्टेने म्हटले, काहींनी मनापासून.

येथे आपल्या तरुणांनी सावध झाले पाहिजे. थॅनॉस म्हणतो, मी गरीब-श्रीमंत पाहत नाही, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मारतो. पण खऱ्या जगात भूक अशा चिठ्ठ्या टाकीत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. तो दुष्काळ केवळ धान्य कमी पडल्याने पडला नव्हता. भूमिहीन शेतमजूर, मासेमारी करणारे अशा लोकांची धान्य विकत घेण्याची ताकदच संपली होती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. माणसे जास्त झाली, असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचे घर नसते, दुसऱ्याची वस्ती असते. थॅनॉसची खरी ताकद त्याच्या हातमोज्यातील सहा रत्नांत नाही. ‘बरोबरच आहे की!’ असे प्रेक्षकाकडून वदवून घेण्यात ती आहे.

हीच गोष्ट जॅक कर्बी यांना फार पूर्वी उमगली होती. कर्बी यांचे मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत १९१७ साली एका स्थलांतरित यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती, तेव्हा जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी कॅप्टन अमेरिका निर्माण केला आणि १९४१ सालच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या थोबाडीत ठोसा मारताना दाखविला. पुढे ते स्वतः युरोपात सैनिक म्हणून लढले. हा माणूस हुकूमशाहीविषयी ऐकीव लिहीत नव्हता.

१९७० साली याच कर्बींनी डार्कसाइड निर्माण केला. चाहते त्याच्या डोळ्यांतून निघणाऱ्या किरणांची चर्चा करतात, सुपरमॅनशी त्याची मारामारी रंगवून सांगतात. परंतु कर्बींचा डार्कसाइड फारसा हात उगारीतच नाही. तो एक सूत्र शोधतो आहे. ते सापडले की सगळ्या जिवांची स्वतःची इच्छाच संपेल, सगळे त्याच्या इच्छेने चालतील. त्याला प्रेते नको आहेत, हुकमाचे ताबेदार हवे आहेत.

१९७१ च्या ‘फॉरेव्हर पीपल’ या मालिकेत त्याचा एक हस्तक येतो, ग्लोरियस गॉडफ्रे. त्याच्याकडे शस्त्र नाही, वाणी आहे. तो मोठा तंबू ठोकून सभा भरवितो आणि भाबड्या माणसांना सांगतो की विचार करण्याचे ओझे टाकून द्या, तुमच्या द्वेषाला मी समर्थन देतो. जे ऐकतात त्यांना शिरस्त्राण मिळते. ते डोक्यावर चढले की शेजाऱ्याच्या घरावर हल्ला करताना मनाला टोचणी लागत नाही. याच मालिकेच्या पुढच्या अंकात ‘हॅपीलँड’ नावाचे करमणुकीचे उद्यान आहे. तेथे कैद्यांचा छळ उघड्यावर चालतो, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो खेळ दिसतो. कैदी मदतीसाठी ओरडतात आणि तिकीट काढून आलेली कुटुंबे हसत पुढे जातात.

वाचकहो, हे वाचताना आपल्याला काही ओळखीचे वाटले नाही काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये हेच मांडले की जात ही मनाची अवस्था आहे. माणसे जात पाळतात ती क्रूर आहेत म्हणून नव्हे, तर धर्माने तसे सांगितले आहे असे त्यांना वाटते म्हणून. त्यामुळे घाव घालायचा तो त्या समर्थनावर घातला पाहिजे. कर्बींना बाबासाहेब ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ज्याने व्यवस्थेचा चाबूक जवळून पाहिला, त्याला चाबकामागचे समर्थनही दिसते, एवढे यातून सिद्ध होते.

पण सगळ्याच लेखकांना ते दिसले असे नाही. किंवा दिसले तरी दाखविण्याची हिंमत झाली नाही. १९६६ साली ‘अॅव्हेंजर्स’मध्ये ‘सन्स ऑफ द सर्पंट’ ही वर्णद्वेषी टोळी आली. परकीयांना, वेगळ्या रंगाच्या लोकांना हाकलून द्या म्हणणारी, थेट कू क्लक्स क्लॅनची आठवण करून देणारी. शेवटी तिच्या म्होरक्याचा बुरखा फाटतो आणि आत निघतो कोण? एक परदेशी सेनापती! १९७० साली तीच टोळी पुन्हा आली. या वेळी बुरख्याआड दूरचित्रवाणीवरील दोन वक्ते निघाले, एक गोरा आणि एक काळा, लोकांना झुंजवून सत्ता मिळवू पाहणारे. म्हणजे द्वेष आमच्या घरातला नाहीच, तो बाहेरच्याने पेटविलेला आहे; आणि घरातला असलाच तर दोन्ही बाजूंनी सारखाच आहे! ही पळवाट आपल्याला नवी नाही. गावात अत्याचार झाला की ‘बाहेरच्या लोकांनी वातावरण बिघडविले, एरवी आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे!

याउलट १९४६ सालचे उदाहरण पाहा. त्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये अमेरिकेच्या रेडिओवर सुपरमॅनची एक कथा सोळा भागांत प्रसारित झाली. एका चिनी वंशाच्या कुटुंबातील मुलगा बेसबॉलच्या संघात निवडला जातो. ज्याची जागा गेली त्या गोऱ्या मुलाचा काका हा अग्निक्रूसवाल्या गुप्त टोळीचा स्थानिक म्होरक्या असतो. या कथेत बुरख्याआड परदेशी हेर निघत नाही, शेजारीच निघतो. आणि टोळीचा सर्वोच्च नेता खासगीत कबूल करतो की ही वंशशुद्धीची बडबड मूर्खांसाठी आहे, खरा धंदा वर्गणीचा आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमात इतके स्पष्ट बोलले गेले! याच कथेवर जीन लुएन यांग यांनी २०१९-२० मध्ये नवी चित्रमालिका लिहिली आणि तीही वाचकांनी उचलून धरली. योगायोग असा की त्याच १९४६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते.

अंगात कोणतीही शक्ती नसलेला खलनायक किती जबरदस्त असू शकतो, हे पाहायचे तर १९८२ ची ‘गॉड लव्हज, मॅन किल्स’ ही क्रिस क्लेरमाँट आणि ब्रेंट अँडरसन यांची एक्स-मेन कथा वाचावी. कथेच्या पहिल्याच पानांवर दोन लहान मुलांना ठार मारून शाळेच्या मैदानात टांगलेले आहे. अपराध एवढाच की ती वेगळी जन्मली. त्यामागे विल्यम स्ट्रायकर हा धर्मोपदेशक आहे. त्याच्या हातात धर्मग्रंथ आहे, समोर भक्तांची गर्दी आहे, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आहेत. तो उडत नाही, डोळ्यांतून किरण सोडीत नाही. तरीही एक्स-मेनच्या सर्वोत्तम कथा मोजताना चाहते तिचे नाव आवर्जून घेतात. मात्र २००३ साली या कथेचा आधार घेऊन सिनेमा निघाला तेव्हा स्ट्रायकर लष्करी अधिकारी झाला. प्रवचन गेले, धर्मग्रंथ गेला. प्रेक्षकांना दुखवू नये म्हणून असेल, पण खलनायकाचे मुख्य शस्त्रच काढून घेतले गेले. सैनिकाच्या बंदुकीला कोणी पवित्र मानीत नाही. ग्रंथाला मानतात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

आता दुसऱ्या बाजूला वळू. काही खलनायक असे आहेत की त्यांचा प्रश्न खरा असतो. मॅग्नेटो १९६३ साली आला तेव्हा जगावर राज्य करू पाहणारा एक साधा दुष्ट होता. क्लेरमाँट यांनी १९८१ साली त्याच्या भूतकाळात नाझींची छळछावणी घातली आणि सगळा वाद बदलला. वेगळ्यांना संपविले जाईल, असे म्हणणारा माणूस ते एकदा डोळ्यांनी पाहून आलेला होता! ‘ब्लॅक पँथर’मधील किलमाँगर हाही असाच. डॉन मॅकग्रेगर यांनी १९७३ साली ‘जंगल अॅक्शन’मध्ये तो आणला. २०१८ च्या रायन कूगलर यांच्या सिनेमात तो ऑकलंडच्या गरीब वस्तीत बापाविना वाढलेला तरुण आहे. वकांडाच्या राजाला तो विचारतो की तुमच्याकडे एवढी संपत्ती, एवढे विज्ञान असताना जगभर आपल्या रंगाची माणसे भरडली जात होती, तेव्हा तुम्ही कोठे होता? या प्रश्नाला राजाकडे उत्तर नाही. सिनेमागृहातून बाहेर पडताना अनेक तरुण खलनायकाच्या बाजूने बोलत होते.

मग कथाकार काय करतात? ज्याचा प्रश्न खरा, त्याच्याच हातून निरपराधांचे रक्त सांडवितात. किलमाँगर आपल्याच मैत्रिणीला गोळी घालतो, विरोध करणाऱ्या वृद्धेचा गळा धरतो, पवित्र बाग जाळतो. प्रेक्षकाचे मन त्याच्यावरून उडावे म्हणून ही तजवीज असते. बंडखोर मेला की प्रश्नही त्याच्याबरोबर पुरला जातो. त्या सिनेमाचे श्रेय एवढे की राजा शेवटी ऑकलंडला येऊन मदतकेंद्र काढतो, म्हणजे प्रश्न निदान अर्धा तरी स्वीकारला जातो. पण न्याय मागणारा संतापी माणूस म्हणजे खलनायक आणि सबुरीचा सल्ला देणारा म्हणजे नायक, ही घडी मात्र मोडत नाही.

चाहते मॅग्नेटोची तुलना माल्कम एक्सशी आणि प्रोफेसर झेवियरची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी करतात. ही तुलना दोघांवरही अन्याय करणारी आहे. माल्कम एक्स यांना जगावर राज्य करायचे नव्हते. आणि किंग हे काही सगळ्यांना आवडणारे सौम्य मास्तर नव्हते. त्यांच्या हयातीत त्यांच्याच सरकारची एफबीआय त्यांचे फोन चोरून ऐकत होती, ती त्यांना धोकादायक समजून! जिवंतपणी ज्याला खलनायक ठरविले, त्याला मेल्यावर मखरात बसवायचे आणि जिवंत बंडखोराला त्याचे दाखले द्यायचे, ही प्रस्थापितांची रीत सर्व देशांत सारखीच आहे.

ब्लॅक पँथर या नावाचाही एक इतिहास आहे. कॉमिकमधील पँथर १९६६ च्या मध्यास आला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्थापन केली. ते चिन्ह आले अलाबामातील लाउंडीस काउंटीच्या मतदार चळवळीतून, कॉमिकमधून नव्हे. पण पार्टीचा दबदबा वाढल्यावर प्रकाशकांना हे नाव अडचणीचे वाटू लागले. १९७२ च्या प्रारंभी ‘फॅन्टास्टिक फोर’च्या एका अंकात हा नायक स्वतःला ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवून घेतो! नाव टिकले नाही, लवकरच तो पुन्हा पँथर झाला. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांच्या पिढीने हेच नाव अभिमानाने उचलले. कागदावरचा पँथर नाव बदलून सुरक्षित जागा शोधत होता, आणि वस्त्यांतून जिवंत पँथर त्याच नावाने रस्त्यावर उतरत होते!

मॅकग्रेगर यांनी पुढे १९७६ साली पँथरला थेट क्लॅनसमोर उभे केले. एका अंकात त्याला जळत्या क्रूसाला बांधलेले दाखविले. पण ती कथा पूर्ण होण्याआधीच ते नियतकालिक बंद पडले. दुष्ट टोळीला नायक हरवू शकला असता की नाही, हे त्या मालिकेत ठरलेच नाही. कथा कोठे थांबवायची हे नायकही ठरवीत नाही, खलनायकही नाही; ज्याच्या हातात छापखाना आणि तिजोरी असते तो ठरवितो. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरला दिले. त्या पात्राने कोट्यवधी मिळविले आणि हे दोघे गरिबीत खितपत पडले. अखेर खूप ओरड झाल्यावर १९७५ साली त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव छापण्याचा हक्क मिळाला. पानावर दुबळ्यांचा कैवारी, आणि पानाबाहेर त्याला घडविणारेच दुबळे!

म्हणूनच आम्हाला १९७० सालच्या ‘ग्रीन लँटर्न’ मालिकेतील ७६ वा अंक महत्त्वाचा वाटतो. डेनिस ओ’नील आणि नील अॅडम्स यांच्या त्या कथेत खलनायक आहे एक घरमालक. गरीब भाडेकरूंना तो इमारतीबाहेर काढतो आहे. चिडलेले लोक त्याला घेरतात आणि सुपरहिरो धावून येतो तो कोणाला वाचवायला? घरमालकाला! कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. तेव्हा एक वृद्ध कृष्णवर्णीय पुढे येऊन विचारतो की दूरच्या ग्रहांवरील नाना रंगांच्या जिवांसाठी तू धावलास, मग इथल्या काळ्या माणसांसाठी काय केलेस? नायकाची मान खाली जाते. विश्वात कोणालाही हरवू शकणारी अंगठी त्याच्या बोटात आहे, पण या प्रश्नापुढे ती निरुपयोगी ठरते.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? खलनायकाची ताकद त्याच्या दंडात नसते. चार गोष्टींत असते. त्याच्या पाठीशी समर्थन देणारा ग्रंथ वा सिद्धान्त असतो. त्याच्या बाजूला कायदा असतो. पाहणाऱ्यांना छळ हा खेळ वाटत असतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो, त्यालाही ‘असेच असते’ असे वाटू लागते. ज्याच्याकडे या चारही गोष्टी आहेत, तो सर्वात बलाढ्य. त्याला एका ठोशाने लोळविता येत नाही, कारण तो एका देहात राहतच नाही.

हे आपल्या चळवळीलाही लागू आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपणही पुष्कळदा व्यवस्थेऐवजी व्यक्ती शोधतो. एक मंत्री पडला, एक पुढारी हरला की गुलाल उधळतो. खुर्ची आपल्या माणसाला मिळाली की लढाई जिंकली असे समजतो. डॉक्टर डूमची जन्मकथा येथे आठवावी. १९६४ साली ती छापली गेली. तो भटक्या रोमा जमातीतला. त्याचा बाप वैद्य होता. सरंजामदाराची पत्नी त्याच्या औषधाने वाचली नाही म्हणून त्याला मुलासह रानोमाळ पळावे लागले आणि थंडीत त्याचा अंत झाला. तोच पोरका मुलगा पुढे त्या देशाचा राजा झाला. आणि केले काय? सिंहासन तसेच ठेवले, त्यावर फक्त स्वतः बसला! प्रजेने भीतीने वाकायचे ते वाकतच राहिली. पीडितांच्या घरी जन्मलेला माणूस आपोआप मुक्तिदाता होत नाही. सिंहासनाची रचना बदलली नाही तर बसणारा बदलून भागत नाही.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे असे की मुलांच्या हातातील कॉमिक हिसकावून घेऊ नका. ते वाद घालीत असतील तर जवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. या खलनायकाला कारण कोणी पुरविले? त्याच्या कृत्यात कोणाचा फायदा होता? आणि ज्याला कथेने खलनायक ठरविले, त्याचा प्रश्न खोटा होता काय? हे तीन प्रश्न विचारायची सवय ज्या मुलाला कॉमिक वाचताना लागेल, तो उद्या वर्तमानपत्रही तसेच वाचेल, पोथीही तशीच वाचेल आणि निवडणुकीचे भाषणही तसेच ऐकेल.

आकाशातून उडत येणारा तारणहार आपल्याला कधीच मिळाला नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जी माणसे गेली, ती चालत गेली होती. त्यांच्यापैकी कोणाच्याही अंगी अमानवी शक्ती नव्हती. पण हजारो वर्षांच्या खलनायकाला त्यांनी त्याच्या खऱ्या जागी गाठले. ‘असेच असते’ हे मानायला त्यांनी नकार दिला. चाहत्यांच्या वादाचा निकाल आम्ही असा देतो की सर्वात बलाढ्य खलनायक तो, ज्याला आपण खलनायक म्हणून ओळखतच नाही. आणि ज्या दिवशी ओळखतो, त्या दिवसापासून त्याची ताकद कमी होऊ लागते.